नाशिकची वाइन आणि उलटे ऋतुचक्र

भूगोलाच्या क्रमिक पुस्तकात द्राक्षमद्याचा उल्लेख येतो तो बहुधा भूमध्य सागरी हवामानाच्या प्रकरणात. ओला हिवाळा, कोरडा उन्हाळा आणि ३० ते ५० अक्षांशांचा पट्टा हे समीकरण आपण परीक्षेपुरते पाठ करतो. नाशिक ह्या समीकरणात कोठेच बसत नाही. ते सुमारे २० उत्तर अक्षांशावर, ऐन मोसमी प्रदेशात आहे. तरीही भारतातील वाइनच्या धंद्याचे मुख्य केंद्र आज नाशिक जिल्हाच आहे. हे कसे घडले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. (महाविद्यालयाच्या अंकात मद्यावर लेख कशाला, असे कोणी विचारील. आमचा रस पेल्यात नसून वेलीत आहे, एवढेच उत्तर देतो.)

प्रथम पावसाकडे पाहू. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या निफाडला त्याचा पाचवा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. द्राक्षाच्या दृष्टीने ही पर्जन्यछाया वरदानच आहे, कारण पाणी घाटातल्या धरणांतून येते आणि बागेवरचे आकाश मात्र ऑक्टोबरनंतर बहुधा कोरडे राहते. गोदावरीवरील गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. आज त्याच जलाशयाच्या परिसरात वाइनचे मळे दिसतात, हा काही योगायोग नव्हे. जमिनीचे म्हणाल तर खोल काळी माती ह्या पिकाला मानवत नाही. ती पाणी धरून ठेवते व वेल नुसती पानांनी माजते. बेसाल्टच्या झिजेतून झालेली, उताराची, मुरमाड जमीन बरी. पाण्याचा निचरा होतो आणि ठिबकने हवे तेवढेच पाणी देता येते.

खरी गंमत वेलीच्या झोपेत आहे. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल पाने गाळून निद्रिस्त होते आणि वसंतात आपोआप जागी होते. नाशिकला तेवढी थंडीच नाही, त्यामुळे वेलीला झोप लागत नाही. तिला मोकळे सोडले तर ती बारमाही वाढत राहील व पीक केव्हा येईल ह्याचा नेम राहणार नाही. म्हणून येथल्या शेतकऱ्याने ऋतूचे काम कात्रीकडे दिले. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तिच्यानंतर फुटलेल्या काडीवर, कडक उन्हात, डोळ्यांच्या आत सूक्ष्म घडनिर्मिती होते. म्हणजे पुढच्या वर्षी घड किती लागणार हे मे महिन्यातच ठरून जाते, आणि त्या दिवसांत आभाळ भरून राहिले तर नुकसान होते, ते सहा महिने दिसत मात्र नाही. पावसाळ्यात काडी पिकते. पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळासाठी गोडी छाटणी करतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. युरोपात जे काम थंडी फुकटात करते, ते येथे मजुरी देऊन करून घ्यावे लागते.

ह्या युक्तीमुळे द्राक्ष पिकण्याचा काळ जानेवारी ते मार्च असा येतो. येथेच युरोपशी दुसरा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा फरक पडतो. तिकडे फळ उन्हाळ्यातून शरदाकडे, म्हणजे उतरत्या तापमानात पिकते. नाशिकला ते हिवाळ्यातून उन्हाळ्याकडे, चढत्या तापमानात पिकते. फळातील मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने खर्च होते, साखर मात्र वाढत जाते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते. तेव्हा साखर फार वाढू दिली तर मद्य तीव्र आणि बेचव होणार. लवकर तोडावे तर लाल जातींची साल व बी अजून कच्ची असतात आणि तुरटपणा खरखरीत लागतो. सारा प्रश्न ह्या दोहोंमधल्या थोड्या दिवसांचा असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची येथे उपयोगी पडते. जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांखाली जातो, निफाडला तर कधी कधी शून्याच्या जवळ, आणि दुपारी पुन्हा चांगले ऊन पडते. थंड रात्री आम्ल राखतात, रंग व सुवास जपतात. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां ह्या पांढऱ्या जाती आणि शिराजसारखी लाल जात येथे का रुजली, हे ह्यावरून समजते. तोडणी पहाटे करावी लागते आणि टाक्या गार ठेवण्यासाठी वीज जाळावी लागते, तो खर्चही हवामानाचाच समजावा.

मोसमी हवामान मात्र पूर्णपणे हुकूम पाळत नाही. गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की केवडा रोग पडतो. हाच रोग १८७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतून फ्रान्सला पोचला होता, आणि त्यावर मोरचूद व चुन्याचे मिश्रण मिलार्दे ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. आमच्याकडील शेतकरी ज्याला नुसते ‘बोर्डो’ म्हणतो, ते बोर्दो ह्या वाइनच्या प्रांताचेच नाव आहे! नोव्हेंबर २००९ मधील अवकाळी पाऊस, मार्च २०१४ ची गारपीट, २०१९ चा लांबलेला परतीचा पाऊस, ह्या प्रत्येक वेळी नाशिकच्या बागांचे मोठे नुकसान झाले.

पण हवामान अनुकूल असले म्हणजे धंदा उभा राहतोच असे नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर व पलूस येथे द्राक्ष वाइन पार्क आखले. तेव्हा कारखाने भराभर निघाले व शेतकऱ्यांनी करार करून वाइनच्या जाती लावल्या. पुढे २००८ च्या मंदीनंतर आणि त्याच नोव्हेंबरातील मुंबईवरील हल्ल्यानंतर खप घसरला. थॉमसन सीडलेस लावणाऱ्याला माल खाण्यासाठी विकता येतो, परदेशी पाठवता येतो, काहीच नाही तर बेदाणा करता येतो. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे. ते बाजारात कोणी घेत नाही आणि त्याचा बेदाणाही कोणाला नको असतो. कारखान्याने पाठ फिरवली की घड वेलीवरच राहतात. त्या काळात अनेकांनी वाइनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. त्यांच्या जमिनीत, उंचीत वा थंडीत तसूभरही बदल झालेला नव्हता.