सिकलसेलची मुलं आणि दवाखाना



सिकलसेल शिकवायचं म्हटलं की आपण फळ्यावर विळ्याच्या आकाराची रक्तपेशी काढतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, हे गणित मांडतो आणि धडा संपवतो. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्याही वाढल्या. पण विदर्भात किंवा नंदुरबारकडे ज्यांच्या वर्गात अशी मुलं बसतात, त्यांना ठाऊक आहे की कार्ड हातात आल्यावरच खरी गोष्ट सुरू होते. या मुलांचं डॉक्टर-नर्सशी जमतं का?

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. "सर, पाय लय दुखून राहिले," म्हणायची आणि बाकावर डोकं टेकायची. सूज नाही, जखम नाही. एका रात्री वडिलांनी तिला दवाखान्यात नेलं, तर तिथे तिला विचारलं गेलं, "परीक्षा जवळ आली का गं?" पुढच्या वेळी तिने दोन दिवस दुखणं लपवलं. खरं सांगतो, तोच प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता.

ताठर झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडात कळ उठते. ही कळ मोजायचं यंत्र नाही. मूल सांगतं तेच धरून चालावं लागतं. आणि जे मूल दुखणं लपवायला शिकतं, ते ताप, छातीतली कळ, धापही लपवतं. यात उशीर जिवावर बेततो.

दुसरी अडचण गोळ्यांची. हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यायची, गुण यायला काही महिने लागतात, मधूनमधून रक्त तपासायचं. पंधराव्या वर्षी बरं वाटलं की गोळी सुटते. ओपीडीत रांग मोठी. डॉक्टर आईला विचारतात, आई म्हणते "घेते ना", मुलगी मान खाली घालून बसते. गुण दिसत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवायचा विचार करतात! रागावतील या भीतीने बोललेलं खोटं असं महागात पडतं. त्यातच चारचौघांत लग्नाचा विषय निघाला, की पोरगी पुन्हा यायलाच तयार नसते.

म्हणून बारा-तेराव्या वर्षापासून डॉक्टरांच्या प्रश्नाला आधी मुलाला उत्तर देऊ द्या. पाच मिनिटं त्याला डॉक्टरांजवळ एकटं सोडा, आईने बाहेर बसावं. (हे आयांना फार जड जातं, मी पाहिलंय.) पुढे मुलांच्या वॉर्डातून मोठ्यांच्या वॉर्डात जावं लागतं, ओळखीची सिस्टर सुटते, तेव्हा स्वतः बोलायची सवयच कामी येते. शाळेत पाण्याची बाटली आणि लघवीला जायची सूट द्यायलाच हवी. या मुलांना पाणी जास्त लागतं आणि लघवीही जास्त होते.

त्या मुलीला मी एक शंभरपानी वही दिली. तारीख, कुठे दुखलं, दहापैकी किती, गोळी घेतली की नाही. पुढच्या खेपेला तिने वही डॉक्टरांपुढे ठेवली. महिन्यात अकरा दिवस गोळी चुकली होती. डॉक्टर रागावले नाहीत, कारण विचारलं. सकाळी उपाशीपोटी घेतली की मळमळायचं, एवढंच होतं. रात्री जेवणानंतर घ्यायचं ठरलं.