सोनोग्राफीतील यकृत आणि विल्सनचा विकार
चोपड्याहून आलेल्या एका सडपातळ मुलाच्या यकृताची सोनोग्राफी करताना मी थबकलो. वारंवार होणारी कावीळ म्हणून घरी पथ्य चालू होते. पडद्यावर मात्र यकृताचा पोत खडबडीत होता, त्यात बारीक गाठी होत्या. तरीही पुच्छखंड वाढलेला नव्हता. इतर सिरॉसिसमध्ये तो बहुधा वाढतो. म्हणून किनियर विल्सन यांनी १९१२ साली वर्णिलेल्या विकाराची शंका आली.

या आनुवंशिक विकारात एटीपी७बी जनुकातील दोषामुळे तांबे पित्तावाटे पुरेसे बाहेर पडत नाही; ते यकृतात, पुढे मेंदूत व डोळ्यांत साचते. आरंभी यकृत केवळ मेदयुक्त, उजळ दिसते. सोनोग्राफी शंका देते, निदान नव्हे. त्यासाठी रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन, २४ तासांच्या मूत्रातील तांबे आणि डोळ्यांतील कायसर-फ्लायशर वलय तपासावे लागते.

मुलाचे निदान पक्के झाले. आई म्हणाली, "धाकटी तर ठणठणीत आहे, डॉक्टर." सख्ख्या भावंडास हा विकार असण्याची शक्यता चारांत एक असते. तिची सोनोग्राफी निर्दोष होती. मूत्रातील तांबे मात्र बरेच वाढलेले निघाले. वेळीच सुरू केलेले व आजन्म घेतलेले औषध अशा यकृताचे रक्षण करते. तेव्हापासून अशा प्रत्येक अहवालाच्या शेवटी मी एक ओळ आवर्जून लिहितो : भावंडांची तपासणी करावी.