आंबिया मोसंबी : शहरात किती न्यावी, किती नेऊ नये

आंबिया बहाराची मोसंबी आता काढणीला येईल. अंबड, घनसावंगी, बदनापूर पट्ट्यात व्यापाऱ्यांच्या चकरा सुरू झाल्या की बाग उक्ती देऊन मोकळं व्हायची घाई होते. शहरात हीच मोसंबी दुप्पट-अडीचपट भावाने विकलेली पाहून जीव हळहळतो, ते साहजिकच आहे. पण त्या फरकातला आपल्या हातात किती उरतो, हे गाडी भरण्याआधी कागदावर मांडा.

समजा, व्यापारी जागेवर २० रुपये किलो देतो, तोडणी त्याची. तुम्ही ३ क्विंटल माल अंबडहून छत्रपती संभाजीनगरला नेला आणि ५० रुपयांनी विकला. गाडीभाडं १८००, तोडणी ६००, दोन माणसांची मजुरी १०००, जागा २००. घरच्या माणसाची मजुरीही धराच. ती सोडली की हिशेब खोटा ठरतो. ३० किलो डागी निघाली, तरी खर्च जाऊन ९,९०० उरतात. व्यापाऱ्याने ६,००० दिले असते. पण डागीसकट निम्मा माल पडून राहिला आणि १० रुपयांनी फुंकावा लागला, तर हाती ५,४०० येतात, म्हणजे जागेवरच्या भावापेक्षाही कमी. नफा भावापेक्षा माल उठण्यावर ठरतो. म्हणून सगळी बाग शहरात न्यायचा हट्ट नको. मोठा हिस्सा व्यापाऱ्यालाच द्या. काही झाडं थेट विक्रीसाठी राखायची, हे मात्र सौदा करतानाच स्पष्ट बोलून घ्या.

जालन्याच्या पेठेत मोसंबी घरोघरची, तिथे भाव ताणता येत नाही. संभाजीनगरच्या वसाहती, शेतकरी आठवडी बाजार, दवाखान्यांजवळचे फळवाले आणि रसवंत्या इथे उठाव चांगला. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केल्यापासून बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकायला आडकाठी नाही. त्याच वर्षी जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. पाटीवर ‘जालन्याची मोसंबी’ असं ठळक लिहा.

नावाला जागायचं तर कच्चं फळ तोडू नका. मोसंबी तोडल्यावर आंब्यासारखी आढीत पिकत नाही; झाडावर जेवढी गोडी भरली तेवढीच. चढा भाव पाहून हिरवी, आंबट फळं दूर पाठवणाऱ्याला गिऱ्हाईक पुन्हा भेटत नाही. तुम्हाला मात्र पुढच्या आठवड्यात त्याच दारात उभं राहायचं आहे. झाडाच्या चारी बाजूंची दोन-चार फळं कापून चाखा, मगच तोडणी लावा.

फळ ओढून तोडलं की देठाजवळची साल फाटते आणि तिथूनच सड लागते. कात्रीने देठ अगदी आखूड ठेवून कापा. लांब राहिलेला देठ क्रेटमधल्या शेजारच्या फळाला टोचतो. दव सुकल्यावर तोडणी करा, पावसात भिजलेला माल भरू नका. रस शोषणाऱ्या पतंगाने टोचलेली आणि गळालेली फळं या क्रेटमध्ये येताच कामा नयेत. ती वेचून खड्ड्यात पुरा, म्हणजे फळमाशीलाही आळा बसेल.

मोठी, चकचकीत फळं घरगुती गिऱ्हाइकाला द्या. व्यापारी बाजूला काढतो ती बारीक, पातळ सालीची, रसदार फळं रसवंतीवाल्याला ठरल्या भावाने आठवड्याला पुरवा. आदल्या दिवशी मोबाइलवर मागणी घेऊन तेवढाच माल तोडा. दिवाळीच्या सुमारास नागपुरी संत्र्याची आवक वाढली की गिऱ्हाईक तिकडे वळतं, म्हणून थेट विक्रीची मोठी खेप दसऱ्याच्या आतच काढा.