शुद्ध आणि मिश्र

चि. मुक्ता,

प्रबंधासाठी तू गुरुत्वलहरींचं ध्रुवीकरण हा विषय घेतलास, याचा फार आनंद झाला. एकच सांगणं आहे. ‘आइन्स्टाइन बरोबर ठरला’ असं लिहिण्याआधी, तो चुकला असता तर ते या लहरी टिपणाऱ्या उपकरणांना कळलं असतं का, हे तपासून बघ. लहर जाताना अवकाश कोणकोणत्या रीतीने ताणलं आणि आखडलं जाऊ शकतं, याचे सहा प्रकार संभवतात : दोन प्रदिश, दोन सदिश, दोन अदिश. सामान्य सापेक्षता त्यांतले पहिले दोनच मानते. बाकीच्या चारांपैकी एकाची जरी खात्रीची खूण सापडली, तरी तिला धक्का बसेल.

2015च्या पहिल्या नोंदीतून याबद्दल फारसं काही कळलं नाही, कारण हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगोच्या दोन उपकरणांच्या भुजा जवळजवळ एकाच रोखाने आहेत. 14 ऑगस्ट 2017 रोजी इटलीतल्या व्हर्गो या उपकरणानेही लहर टिपली, तेव्हा शुद्ध प्रदिश लहरीचं पारडं शुद्ध सदिशापेक्षा दोनशेपटींहून आणि शुद्ध अदिशापेक्षा हजारपटींहून जड भरलं. तीनच दिवसांनी न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदली गेली. दुर्बिणींनी तिची दीर्घिका, एनजीसी 4993, शोधून काढल्यामुळे दिशा पक्की झाली आणि निकाल कितीतरी पटींनी ठाम झाला. पण यातला ‘शुद्ध’ हा शब्द नजरेआड करू नकोस. निव्वळ अदिश लहरींचा सिद्धांत आज कोण गंभीरपणे मांडतो? ब्रान्स-डिकीसारखे सिद्धांत प्रदिशात थोडासा अदिश अंश मिसळतात, आणि अशा मिश्रणाबद्दल हा निकाल जवळजवळ गप्पच आहे.

कोणी म्हणेल, 1974 साली सापडलेल्या हल्स-टेलर पल्सारची कक्षा आइन्स्टाइनच्या हिशेबाप्रमाणेच आक्रसते आहे, मग शंकेला जागा कुठे उरली? आक्षेप वजनदार आहे, आणि त्या मोजमापाने अनेक पर्यायांना खरोखरच वेसण घातली आहे. तरीही त्यातून कळते ती किती ऊर्जा बाहेर पडली एवढीच गोष्ट. अवकाश कसं हललं, हे त्यातून थेट कळत नाही. शिवाय पल्सारच्या जोडीतले तारे एकमेकांपासून दूर फिरतात. कृष्णविवरं एकमेकांत विलीन होतानाचं तीव्र गुरुत्व तिथे नसतं.

मग मिश्रण ओळखायचं कसं? काटकोनी भुजांच्या उपकरणांना दोन्ही अदिश प्रकार सारखेच दिसतात. त्यामुळे अज्ञात राशी पाच उरतात, आणि अल्पकालीन लहरीतून त्या सुट्या करायला वेगवेगळ्या रोखांची पाच उपकरणं लागतात. जपानचं काग्रा चौथं; हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायची लायगो-इंडिया पाचवी. तिची जागा आणि भुजांचा रोख या प्रश्नासाठी मोलाचा आहे. म्हणून पहिल्याच प्रकरणात मिश्र लहर गृहीत धर, पाचही उपकरणांचा प्रतिसाद काढ आणि अदिश अंश किती लहान असला तरी ओळखता येईल ते मोज. आकडे आले की कळव.

तुझा,
मामा