बंगई साता समुद्रापार पाठवण्याआधी

मुलगा अमेरिकेत घर घेतो, लेक मेलबर्नला स्थायिक होते आणि इकडे नागपुरात धंतोलीतल्या, महालातल्या जुन्या घरात आपण दोघंच उरतो. जिने चढवत नाहीत, घर विकून फ्लॅटमध्ये जायची बोलणी सुरू होतात आणि गाडी अडते ती सामानाशी. आजोबांची आरामखुर्ची, सासूबाईंच्या माहेरून आलेली आलमारी, ओसरीवरची बंगई, म्हणजे आपला झोपाळा. "पोरांकडे पाठवून देऊ," असं आपण सहज बोलून जातो. पाठवता येतंही. पण त्याआधी तुमच्याच वयाची, तुमच्याच गावातली एक आई म्हणून थोडं मनातलं बोलायचं आहे.

पहिलं म्हणजे, मुलांना नीट विचारलंत का? "तुला हवं आहे ना?" असं विचारलं तर पोरं बहुतेक "हो" म्हणतात, कारण फोनवर आपला आवाज जड झालेला त्यांना कळतो. मग सामान जातं आणि त्यांच्या गॅरेजमध्ये पडून राहतं. त्यापेक्षा मापं सांगा आणि विचारा, "यातलं तुझ्याकडे काय मावेल? कुठे ठेवशील?" भाड्याच्या घरात राहणाऱ्याला दर दोन वर्षांनी सामान हलवावं लागतं, त्याला चार माणसांनी उचलायचा पलंग नकोच असणार. तो नको म्हणाला तर वाईट वाटेल, वाटू द्या. पण रुसू नका. त्याच पलंगावर तापाने फणफणलेला असताना तुम्ही रात्रभर उशाशी बसला होतात, हे तो विसरलेला नाही.

आता हिशेब बघा. समुद्रमार्गे जाणाऱ्या घरसामानाचं भाडं मुख्यतः ते किती जागा अडवतं यावर ठरतं. सहा फूट उंच, चार फूट रुंद, दीड फूट खोल आलमारी जवळजवळ १ घनमीटर जागा खाते आणि त्यातली बहुतेक जागा रिकामी हवाच असते. बंगईची पाच फूट बाय दोन फूट, दोन इंच जाडीची फळी त्याच्या विसाव्या भागाएवढीही जागा घेत नाही. कड्या सोडवल्या, कापडात गुंडाळल्या की झालं. म्हणून माझं मत विचाराल तर आलमारीचा मोह सोडा, बंगई पाठवा. घरातली सगळी माणसं जिच्यावर कधी ना कधी बसली आहेत अशी दुसरी वस्तू तरी कुठली आहे? मात्र तिकडच्या घरात ती टांगायची कशाला, हे आधी बघायला सांगा. अमेरिकेतल्या बहुतेक घरांचं छत जिप्सम बोर्डाचं असतं, वजन पेलतात ते आतले लाकडी वासे. कडी त्या वाशातच बसली पाहिजे, नाहीतर जमिनीवर उभा राहणारा सांगाडा हवा.

आपलं सागवान टिकाऊ, यात शंका नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहूनच साग गेला. पण नागपूरचा पंचेचाळीस अंशांचा मे आणि त्यापाठोपाठचा पावसाळा सोसलेल्या लाकडाला थंड मुलखातली हवा नवी असते. तिथे हिवाळाभर हीटर चालतो, घरातली हवा कोरडी पडते आणि सरसाने जोडलेले जुने सांधे उकलू शकतात. म्हणून पावसाळ्यात पाठवू नका, लाकडाने ओल धरलेली असते. दिवाळीनंतर पाठवा.

आणि कीड तपासा. रात्री खुर्चीच्या पायांखाली काळा कागद पसरून ठेवा. सकाळी त्यावर पिठासारखा बारीक भुगा दिसला, तर आत किडा अजून जिवंत आहे. ऑस्ट्रेलियात लेक असेल तर हे विशेष जपून करा. तिथे लाकडी सामानाची कसून तपासणी होते आणि जिवंत कीड सापडली तर धुरी द्या, परत न्या नाहीतर नष्ट करा, असे पर्याय समोर येतात, खर्च आपलाच. खोकं बांधायला वापरलेल्या लाकडालाही आंतरराष्ट्रीय नियम आहे. ते गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं किंवा धुरी दिलेलं असावं लागतं आणि त्यावर तसा शिक्का लागतो. घराजवळच्या सुताराने प्रेमाने ठोकून दिलेली पेटी म्हणूनच चालत नाही.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. सागाला अडचण नाही, पण शिसवीला आहे. शिसव आणि तिच्या जातकुळीतली सगळी झाडं २०१७ पासून संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात आहेत. एका वस्तूत दहा किलोंपेक्षा जास्त शिसवी लाकूड असेल तर त्याचे कागद करावे लागतात. हस्तिदंत जडवलेली पेटी असेल तर ती पाठवण्याचा विचारच करू नका. आणि शंभर वर्षांहून जुनं कोरीव काम १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकतं. ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. पणजोबांचा कोरीव देव्हारा खरोखरच इतका जुना असेल तर तो इथेच राहावा, हे मला मनापासून पटतं. तिकडच्या कस्टमचं मुलांनाच आधी विचारू द्या. काही देशांत वारसाने आलेल्या सामानाला सवलत असते, पण आईवडील हयात असताना आलेली वस्तू वारसा न मानता भेट धरली जाऊ शकते.

हे सगळं निभावता येतं. त्याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. अनेक घरांत एक मूल तिकडे आणि एक इथे असतं. इथली लेक मनीषनगरहून आठवड्यातून तीनदा येते, बाबांना डॉक्टरकडे नेते, आईचं बँकेचं बघते, जाता जाता त्याच बंगईवरची धूळ पुसते. आणि आपण तिच्यादेखत फोनवर सांगतो, "दादासाठी बंगई पाठवतोय हं." ती काही बोलत नाही. तिच्या घरात जागा नाही, ती कधी मागणारही नाही, असं आपण परस्पर धरून चालतो. दूर गेलेल्याची ओढ जास्त असते हे मीही आई म्हणून जाणते. पण जवळ राहिलेलीला गृहीत धरलं तर ते तिच्या जिव्हारी लागतं आणि पुढे भावा-बहिणीतल्या अबोल्याचं मूळ तिथे सापडतं. म्हणून पहिल्यांदा विचारायचं ते तिला. तिने बंगई मागितली तर बंगई तिची. दादाला आरामखुर्ची जाईल, किंवा फक्त चौरंग जाईल.

आणि हे सगळं आपले हातपाय चालताहेत तोवर करा. आपल्या पश्चात मुलं पंधरा दिवसांची रजा काढून येतात. त्यात दिवसकार्य, बँक, महापालिकेचे कागद. घर रिकामं करायला उरतात शेवटचे दोन दिवस आणि सगळं सामान एका टेम्पोत, मिळेल त्या भावात जातं. त्यात त्यांचा दोष नसतो. कुणाला काय द्यायचं ते दोन्ही मुलांना एकत्र बसवून सांगा, मृत्युपत्रातही लिहा. बंगई कुणी करून घेतली, लाकूड आलापल्लीचं की आणखी कुठलं, तिच्यावर कोण बसून तांदूळ निवडायचं, हे माहीत असेल तेवढं आपल्या अक्षरात एका कागदावर लिहून वस्तूबरोबर द्या.

उरलेल्या सामानाचं दुःख करत बसू नका. लकडगंजात अजूनही जुन्या सागाची कदर असणारे सुतार आहेत. आलमारीच्या दोन दारांतून इथल्या नातीसाठी अभ्यासाचं टेबल सहज निघतं, फळ्यांतून पुस्तकांचं रॅक होतं. फक्त सुताराला सांगा की जुन्या बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा फेकू नको, तेच लाव. नातीला टेबलाची उंची किती हवी, ते मात्र तिला जवळ उभी करून मोजा.