माफीचा साक्षीदार आणि क्षमा पावलेला मनुष्य

शास्त्राचे भाषांतर करताना ‘क्षमा’ आणि ‘माफी’ हे दोन शब्द वारंवार तोलून पाहावे लागतात. पहिला संस्कृतातून आलेला, तर दुसरा अरबी-फारसीच्या वाटेने आलेला आहे. बोलताना आपण त्यांत भेद करीत नाही. न्यायालयात मात्र माफीला ठराविक अर्थ आहे. तो ध्यानात न घेतल्यास आपण क्षमेलाही एक सौदा समजून बसतो. म्हणून दिल्लीतील एका खटल्याच्या आधारे हा भेद पाहू.

१. माफी कोण देतो?

राज्यघटनेच्या ७२ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींना शिक्षा माफ करण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरला जातो. भ्रष्टाचाराच्या तपासात मात्र बहुधा वेगळीच माफी कामी येते. लाच चारचौघांत दिली जात नाही. पुष्कळदा देणारा आणि घेणारा हेच तिचे साक्षी असतात. अशा वेळी गुन्ह्यात सहभागी असलेल्या एखाद्यास न्यायालय माफी देऊ करते. अट अशी की, त्याने स्वतःविषयी व इतरांविषयी जे ठाऊक आहे ते पूर्णपणे व खरेपणाने सांगावे. हाच माफीचा साक्षीदार. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०६ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती ३४३ व्या कलमात आहे. त्याने काही मुद्दाम लपविले किंवा खोटी साक्ष दिली, तर त्याच्यावर मूळ गुन्ह्याचा खटला चालू शकतो.

२. दिल्लीतील खटला

२८ जुलै १९९३ रोजी पी. व्ही. नरसिंह राव यांच्या सरकारवरील अविश्वास ठराव लोकसभेत २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. सरकार वाचविण्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या चार खासदारांना व इतर काहींना लाच देण्यात आली, असा आरोप पुढे झाला. १९९६ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास हाती घेतला. त्या चौघांपैकी शैलेंद्र महतो माफीचे साक्षीदार झाले.

१७ एप्रिल १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरविले की, लाच घेऊन सभागृहात मत दिल्याचा आरोप असलेल्या खासदारांना १०५ व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे; लाच देणाऱ्यांना ते नाही. सप्टेंबर २००० मध्ये विशेष न्यायालयाने राव व बुटासिंग यांना दोषी ठरविले. मार्च २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष मुक्त केले, कारण महतो यांची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी वाटली नाही. पुढे ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने १९९८ चा निर्णय एकमताने रद्द ठरविला. लाच घेणाऱ्या लोकप्रतिनिधीला आता ते संरक्षण नाही.

३. आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट ही की, न्यायालयाची माफी हे सत्यासाठी मोजलेले मोल आहे. मोल मोजूनही सत्य हाती येईलच, असे नाही. म्हणूनच अशा साक्षीला इतर पुराव्याचा दुजोरा असावा, असा न्यायालयांचा आग्रह असतो.

दुसरी गोष्ट, देवाची क्षमा विकत मिळत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात प्रभू येशू जक्कयाच्या घरी उतरावयास निघतो, तेव्हा जक्कयाने अजून काहीही कबूल केलेले नसते. कृपा आधी येते. मग तो बोलतो, तेव्हा इतर जकातदारांची नावे सांगत नाही. स्वतःचेच देणे सांगतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्यास सिद्ध होतो. माफीचा साक्षीदार सुटण्यासाठी बोलतो. जक्कय स्वीकारला गेला म्हणून बोलतो.

तिसरी गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. मंडळीच्या पैशात अफरातफर झाली की, “क्षमा करा आणि विषय मिटवा,” असे म्हणणारे थोडे नसतात. परंतु हिशेब तपासू नका, असे क्षमा सांगत नाही. नाथानाने दावीदाला क्षमेचे वचन सांगितले, तेव्हा त्याच्या कृत्याचे परिणामही झाकून ठेवले नाहीत. झाकलेला हिशेब हा दुर्बळांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय, कारण दानपेटीत त्यांचेही नाणे पडलेले असते.

मननासाठी प्रश्न

१) आपण चूक कबूल करतो तेव्हा प्रथम कोणाचे नाव घेतो, स्वतःचे की दुसऱ्याचे?
२) ज्याची क्षमा आपल्याला मिळाली आहे, असे कोणाचे देणे अजून आपल्याकडे राहिले आहे काय?