संगणकातील दप्तराची मोजणी

नागरिकांचे अर्ज व दाखले संकेतस्थळामार्फत स्वीकारणाऱ्या कार्यालयात संगणकाची डिस्क भरली, की नवा अर्ज अर्ध्यावरच अडतो. म्हणून अर्जांच्या फोल्डरने किती जागा व्यापली, हे व्यवस्थापकास संकेतस्थळावरच दिसणे अगत्याचे ठरते.

पहिली चूक होते ती बेरजेची. फाइलीतील मजकूर आणि तिने व्यापलेली जागा या भिन्न गोष्टी होत. लिनक्स संगणकावर जागा सामान्यतः ४,०९६ बाइटांच्या ठोकळ्यांनी दिली जाते. १,००० बाइटांच्या एक लाख फाइलींत मजकूर १० कोटी बाइटांचा. परंतु त्या अडवितात जवळजवळ ४१ कोटी बाइट. मूठभर दाण्यांसाठी अख्खे पोते लावावे, तसाच हा प्रकार! १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेपासून चालत आलेली ‘डीयू’ ही आज्ञा व्यापलेली जागाच मोजते.

दुसरी चूक अधिक महाग पडते. ‘डीयू’ला प्रत्येक फाइलीची नोंद पाहावी लागते, फाइली लाखांनी असल्या, तर मिनिटे जातात. पृष्ठ उघडताच मोजणी सुरू होईल अशी रचना केल्यास दहा जणांसाठी दहा मोजण्या चालतात आणि अर्जदार ताटकळतो. त्याऐवजी ‘क्रॉन’मार्फत रात्री मोजणी करवून आकडा वेळेसह नोंदवावा, पृष्ठाने तो केवळ वाचावा.

कधी ‘डीयू’चा आकडा लहान दिसतो, तरी ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क भरल्याचे सांगते. पुसलेली फाइल एखाद्या चालू प्रोग्रामने उघडी धरून ठेवलेली असू शकते; त्या प्रोग्रामने ती बंद केल्यावर किंवा तो प्रोग्राम थांबविल्यावर तिची जागा सुटते.